पोपटांचा वड

मनवेलपाड्यातली बैठी चाळ पाडून तिथे चार माळ्यांची इमारत उभी राहिली. चाळीबरोबर चाळीतला वडही गेला. बिल्डर मितेशभाईंनी तेव्हा बागेचा आणि नव्या वडाचा शब्द दिला होता. पण बागेच्या जागेवर त्यांचं ऑफिस बसलं आणि दोन वर्षं हललं नाही. चाळीतल्या जुन्या रहिवासी मनोरमाबाई विचारायला गेल्या की चहा यायचा, वड यायचा नाही.

बाजारातली तोडलेली फांदी पुजायची नाही, हा मनोरमाबाईंचा नेम. वटपौर्णिमेला त्यांना रिक्षा करून दूर जावं लागे. अठ्ठ्याण्णव साली, पौर्णिमेला आठ दिवस असताना, त्या पुन्हा गेल्या आणि मितेशभाईंनी चार दिवसांत वड दाखवलासुद्धा. ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर पेंटरकडून काढून घेतलेला, पारंब्यांसकट, वर दोन पोपट.

"बघा ताई, पाणी घालायला नको, पानं झाडायला नकोत."

मनोरमाबाई आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी पोपटांचं कौतुक केलं आणि घरोघर निरोप दिला, यंदा पूजा आपल्याच दारात. मितेशभाईंच्या पत्नीला, हंसाबेनना, तर स्वतः जाऊन बोलावलं. उपास त्यांचाही असेच.

भिंतीवरच्या वडाला फेरे घालायचे म्हणजे अख्ख्या ऑफिसलाच घालायचे. तीस बायका, प्रत्येकीचे सात. सूत दारावरून गेलं, खिडकीवरून गेलं. आत मितेशभाई मुंबईहून फ्लॅट बघायला आलेल्या जोडप्याला नकाशा दाखवत होते. त्यातल्या बाईंनी विचारलं, ही बाग नक्की कुठेय?

"तुम्ही तिच्यातच बसलाय," मनोरमाबाईंनी खिडकीबाहेरून मायेने सांगितलं.

मितेशभाई कात्री घेऊन दाराशी आले. समोर हंसाबेन, सातवा फेरा, ओठांत नवऱ्याच्या आयुष्याची प्रार्थना. मितेशभाईंनी कात्री गुपचूप खिशात घातली.

"ताई, हे सोडायचं कधी?"

"सोडत नसतात. आपोआप जीर्ण होतं."

"आणि पुढच्या वर्षी परत?"

"सात जन्मांचं मागणं आहे, भाऊ. आमचा हा कितवा, कोण जाणे."

खरं झाड लागलं तर मात्र सूत आम्हीच उतरवून त्याला घालू, असंही त्या हळूच म्हणाल्या. मितेशभाईंनी आतूनच नर्सरीला फोन लावला. दुपारी टेम्पोतून कमरेएवढा वड आला. कुठे लावायचा, ते मनोरमाबाईंनी दाखवलं: ऑफिसच्या दारासमोर, दीड हातावर. बायकांनी सगळं सूत त्याला गुंडाळलं, तेव्हा वरची तीन पानं तेवढी दिसत राहिली.

दिवाळीपर्यंत दारातून आडवं होऊन आत शिरायचा मितेशभाईंना कंटाळा आला. ऑफिस तळमजल्यावरच्या गाळ्यात गेलं, बाग मोकळी झाली. पाडताना मनोरमाबाईंनी पोपटांची भिंत तेवढी राखायला लावली. दर वटपौर्णिमेला पहिलं हळदकुंकू त्या तिलाच वाहतात. काम तर तिनेच केलं होतं.