खिंडीच्या उतारावर दोन सायकली

वहिनी बावीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवत होती, आणि एवढ्या वर्षांत स्वतः चालवताना तिने गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. शिकाऊ मंडळींनी गाडी कधी फाटकावर घातली, कधी कुंडीवर, ते वेगळं. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ती एकच गोष्ट तीनदा सांगायची, की गाडीत सुटी वस्तू ठेवायची नाही. बाटली नाही, छत्री नाही, चप्पल काढून तर अजिबात नाही.

तिची नणंद चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात सगळ्यांची धाकटीच होती. ती इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स. सर्जनने हात पुढे करायच्या आत हवं ते अवजार त्याच्या तळव्यावर ठेवते, अशी तिची ख्याती. रक्ताची चिळकांडी उडाली तरी पापणी न लवणाऱ्या या बाईला मोटार मात्र जमली नाही. वहिनीने दोनदा शिकवून पाहिलं, दोन्ही वेळा चौथ्या दिवशी धाकटी म्हणाली, "नको गं वहिनी, मी सायकलवरच बरी."

सायकलचं वेड तिनेच वहिनीला लावलं. डोंगरवाटांवर चालतात तसल्या जाड टायरच्या दोन सायकली घेतल्या, आणि महिन्यातून दोन रविवार दोघी खिंडीपलीकडच्या जंगलात जायला लागल्या. वहिनीचा नवरा म्हणायचा, नणंद-भावजयीचं एवढं गूळपीठ बरं नाही, मला घरात कुणी विचारेनासं झालंय.

गाडी वहिनीच्या ड्रायव्हिंग शाळेची, लहानशी. छतावर शाळेची पाटी बोल्टांनी आवळलेली, म्हणून कॅरिअर बसत नव्हतं. मग सायकली आतच कोंबायच्या. मागची सीट पाडायची, पुढच्या दोन्ही होतील तेवढ्या पुढे ओढायच्या. सायकलींची पुढची चाकं काढायची, पेडल काढायची, हँडल वळवायचं. एक सायकल आडवी सरकवायची, तिच्यावर जुनी चादर, चादरीवर दुसरी सायकल, आणि काढलेली चाकं फटीत उभी. पेडल, पाने, चाकांचे एक्सल असं सगळं सुटं सामान कापडी पिशवीत, आणि पिशवी खालच्या सायकलीला बांधलेली. यात वहिनीने कधी हयगय केली नव्हती.

त्या रविवारी सगळं भरून झाल्यावर तिला दिसलं, की धाकटीच्या सायकलीचा एक्सल बॉनेटवरच राहिलाय. वीतभर लांब, बोटाएवढी जाड, गुळगुळीत नळी. धाकटी बाटल्या भरायला घरात गेली होती. पिशवी सायकलींखाली दबलेली. काढायची तर वरची सायकल पुन्हा बाहेर. वहिनीने नळी गिअरपुढच्या खळग्यात ठेवली. तासाभराचा तर प्रश्न, असं तिला वाटलं.

खिंड चढेपर्यंत काही झालं नाही. धाकटीचे गुडघे डॅशबोर्डला टेकले होते आणि मानेमागे सायकलीचं हँडल होतं. ती थिएटरमधल्या नव्या डॉक्टरची गोष्ट सांगत होती. तो म्हणे दर वेळी डावा हातमोजा उजव्या हातात घालायचा आणि मग बोटांकडे बघत बसायचा. वहिनी हसत होती. उतार लागला. दुसऱ्या वळणाआधी तिने ब्रेकवर पाय ठेवला. पेडल बोटभर खाली गेलं आणि अडलं.

तिने पुन्हा दाबलं. पेडल जागचं हललं नाही.

तिची नजर गिअरपुढच्या खळग्याकडे गेली. खळगा रिकामा होता. नळी पेडलखाली जाऊन उभी अडकली होती, हे तिला न बघताच कळलं, आणि कळूनही खरं वाटेना.

शिकवण्याची गाडी असल्यामुळे शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. एरवी तिथे वहिनी बसायची.

"धाकटे, ब्रेक दाब," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "तुझ्या पायाशी आहे. दाब."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं.

"दाब गं."

धाकटी नुसती पाहत राहिली. तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर. अर्धवट राहिलेल्या वाक्याचा शेवट शोधत असावी तसा चेहरा.

गाडीने वेग घेतला होता. वहिनीने गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकला. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक तिने थोडा थोडा वर ओढला, मागची चाकं घसटायला लागली. वळणापलीकडे रस्त्यात पाण्याचा टँकर उभा होता. वहिनीने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि दगडी भिंतीला घासत नेली. आरसा उडाला. धाकटीच्या बाजूचं दार करकरत चेपलं. मागच्या सायकली सरकून पुढे आल्या आणि हँडलचं टोक धाकटीच्या डोक्यामागच्या उशीत घुसलं. गाडी थांबली ती टँकरपासून चार हातांवर.

मागे आडव्या सायकलीचं एक चाक टिकटिक करत फिरत राहिलं. थांबेपर्यंत दोघी ते ऐकत होत्या.

मग वहिनीने वाकून पेडलखालची नळी ओढून काढली आणि जाकिटाच्या खिशात घातली. धाकटी समोर बघत होती. तिला ते दिसलं नाही.

टँकरचा ड्रायव्हर धावत आला. त्याने दोघींना वहिनीच्या बाजूने बाहेर काढलं, भिंतीवर बसवलं, पाणी दिलं. मग गाडीकडे निरखून पाहिलं, छतावरची पाटी वाचली.

"शिकाऊ होय," तो म्हणाला. "मग शिकवणारं कुणी बरोबर नव्हतं का?"

"मीच शिकवते," वहिनी म्हणाली.

तो आणखी पाणी आणायला निघून गेला.

वहिनीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. धाकटी मात्र अगदी स्थिर बसली होती.

"मला ऐकू आलं होतं," धाकटी म्हणाली. "तू काय म्हणालीस ते सगळं. ब्रेकही दिसत होता. बुटापासून एवढ्याशा अंतरावर."

"असू दे."

"पाय उचललाच नाही मी, वहिनी."

"होतं असं. बस शांत."

पण वहिनीला राग आला होता, आणि तो धाकटीवरच. एवढं सोपं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि ही बाहुलीसारखी बघत बसली. खिशातली नळी मांडीला टोचत होती. तरी राग जाईना.

क्रेनने गाडी नेली. घरी नवऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, ब्रेक अडकला. एवढंच. ते खोटं नव्हतं. तीन दिवस तिने वर्ग बंद ठेवला. धाकटीला फोन केला नाही. धाकटीचाही आला नाही.

चौथ्या दिवशी ती गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिक तिच्या ओळखीचा, गाडीला दुसरा ब्रेक त्यानेच बसवला होता. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले.

"नेमकं झालं काय होतं?" त्याने विचारलं. "ब्रेकमध्ये तर काहीच दोष नाही."

वहिनीने त्याला खरं सांगितलं. सांगताना म्हणाली, "शेजारच्या सीटपुढचा ब्रेक दाबला असता तर गाडी वाचली असती. नणंद होती तिथे. दाबलाच नाही तिने."

मेकॅनिकने मान हलवली. "कसा लागला असता? तिकडच्या ब्रेकचा दांडा तुमच्याच पेडलला जोडलाय. तिकडचा दाबला की इकडचा खाली ओढला जातो. इकडच्याखाली नळी उभी असेल तर तिकडे पैलवान बसवला तरी उपयोग नाही."

वहिनी तिथल्या टायरवर बसली. हे तिला माहीत होतं. बावीस वर्षं ती तो ब्रेक दाबत आली होती, आणि दर वेळी शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जाताना तिने पाहिलं होतं. तरी उतारावर ते सुचलं नाही, आणि नंतरच्या चार दिवसांतही नाही. चार दिवस तिने धाकटीला मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून ठेवलं होतं.

तिथूनच ती इस्पितळात गेली. थिएटरच्या दाराशी तिने धाकटीबद्दल विचारलं, तर आतली बाई म्हणाली, "त्या आता इथे नसतात. सोमवारी स्वतःहून बदली मागितली. खाली पट्ट्या बांधायच्या खोलीत बघा."

धाकटी एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. नेहमीसारखी सफाईने. वहिनीला पाहून तिने पट्टी पूर्ण केली, म्हाताऱ्याला दारापर्यंत सोडलं आणि हात धुतले.

"थिएटर का सोडलंस?" वहिनीने विचारलं.

"उद्या सर्जनने हात पुढे केला आणि मी बघत बसले तर? टेबलावर कुणाचं तरी माणूस असतं."

वहिनीने एका दमात सगळं सांगितलं. एक्सल बॉनेटवर राहिला होता ते, तो आपणच गिअरपुढे ठेवला ते, खिशात लपवला ते. मग दांड्याचं सांगितलं. "तू दाबला असतास तरी काही झालं नसतं. ऐकतेस ना? चूक सगळी माझी. आणि वर चार दिवस मी तुझ्यावरच राग धरला."

वहिनीला वाटलं, आता ही चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्यावर राग धरलास," धाकटी म्हणाली.

"हो."

"बरं झालं सांगितलंस." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "पण वहिनी, तो ब्रेक लागणार नाही हे मला कुठे माहीत होतं? मला तर वाटत होतं की लागेल. तरी नाही दाबला."

बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. धाकटीने डोळे पुसले, उठली आणि त्याला आत बोलावलं. वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली, तिची पाळी संपेपर्यंत.

धाकटी दोन महिन्यांनी थिएटरमध्ये परतली. पहिला आठवडा तिने दुसऱ्या नर्सच्या मागे उभं राहून काढला, आणि मग एका सकाळी मुख्य सर्जनने तिला खुणेनेच टेबलापाशी बोलावलं. ती गेली. त्या दिवशी काय झालं हे तिने वहिनीला सांगितलं नाही, फक्त संध्याकाळी येऊन दोनदा पोटभर जेवली.

वहिनीने नव्या तुकडीला पहिल्याच तासाला ती घटना सांगितली. दोघांनी नावं काढून घेतली. बाकीचे टिकले.

सायकली सध्या वहिनीच्या नवऱ्याच्या कारखान्यातल्या टेम्पोतून खिंडीपलीकडे जातात. तो कुरकुरत चालवतो, आणि या दोघी त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसतात.