आईला पोचपावती

“मेल एकदाच उघडायचा,” तो म्हणाला, “आणि उघडला की त्याचा निकाल लावायचा. उत्तर द्या, पुढे पाठवा, नाहीतर उडवा. उघडला, सुस्कारा टाकला, परत बंद केला, असं नको. घ्यायचे नसताना कांदे चाचपत बसल्यासारखं होतं ते.”

पाणीपुरवठा कार्यालयाच्या सभागृहात बसलेले कारकून हसले. गावोगावच्या कचेऱ्यांत जाऊन संगणक शिकवणं हा त्याचा धंदा. प्रत्येक कामाला दोन बोटांची युक्ती काढायचा, म्हणून लोक त्याला शॉर्टकट सर म्हणत. ते नाव त्याला मनातून आवडायचं.

“सर, माझं ऐका,” आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. “दिवसभर एकच लिहिते मी. ‘आपला अर्ज मिळाला, कार्यवाही चालू आहे.’ बोटं झिजली माझी.”

“मग झिजवता कशाला? एकदा लिहा, नमुना म्हणून साठवून ठेवा. आणि त्याच्या पुढची गंमत म्हणजे नियम लावा. अमक्याचा मेल आला की तमक्या कप्प्यात जाऊ दे, आणि साठवलेलं उत्तर आपोआप जाऊ दे. तुम्ही खुशाल चहा प्या.”

“चहा काय, आत्ताही पितोच आम्ही,” मागून कुणीतरी म्हणालं.

“थांबा, माझेच नियम दाखवतो.”

त्याने स्वतःचा मेल उघडला. भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं उमटली.

*जाहिराती: थेट कचऱ्यात.*
*वर्गाची चौकशी: उत्तर, माहितीपत्रक.*
*आई: कप्पा, घरचं. उत्तर, आई.*

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक जण फिसकन हसला आणि गप्प झाला. बाईंनी चष्मा वर सारला.

“आईला पोचपावती देता होय, सर?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. शिक्का कुठे मारायचा ते विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं. टोमणा असता तर त्याने तो परतवला असता.

“आमच्या आईची आवक फार हो,” तो म्हणाला. सगळे हसले. तोही हसला. भिंतीवरची खिडकी बंद करायला एक साधी कळ दाबायची होती. ती कुठली, ते त्याला क्षणभर आठवेना.

⁂

विषयाच्या जागी फक्त विषय लिहा. मजकूर खाली.

हे आईला शिकवायला अख्खा रविवार गेला होता. सुरुवातीचे तिचे मेल म्हणजे वरच्या एका ओळीत कोंबलेली रामकहाणी. खालचा कागद कोरा. “अगं, विषय थोडक्यात लिही,” तो म्हणाला, तर ती म्हणे, “विषयच तर सांगतेय ना, दादू!”

ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. कोणत्या डॉक्टरांनी रिसीव्हर उचलला, हे तिला त्यांच्या नुसत्या श्वासावरून कळायचं. बाप लवकर गेला, तेव्हापासून त्या बोर्डावर बसूनच तिने याला वाढवलं. आणि ज्या कानांवर घर चाललं ते कानच आधी रुसले. निवृत्तीनंतर डावा गेला. उजवा होता, पण फोनवर “मोठ्याने बोल रे” सुरू झालं. हा रस्त्यात उभा राहून ओरडायचा, येणारेजाणारे वळून बघायचे. शेवटी त्याने तिला संगणक आणून दिला. फोनची बारकी अक्षरं तिला लागत नसत, पण मोठा पडदा मानवला. ती भराभर शिकली आणि लिहायला लागली. नळाची तक्रार, वरच्या मजल्याची मांजर, जिन्यातल्या दिव्यावरून झालेलं भांडण, आणि प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न. तू जेवतोस ना वेळेवर? तुझा खोकला गेला का?

तो आधी पानभर लिहायचा. मग चार ओळी. मग त्याचे दौरे वाढले तेव्हा त्याने एक नमुना केला आणि नियम लावला. गडबडीचे दिवस निघून जातील, तोवर असू दे, म्हणून.

*आई, मेल मिळाला. इकडे सगळं छान. कामाची जरा गडबड आहे. गोळ्या वेळेवर घे. सविस्तर नंतर लिहितो.*

गडबडीचे दिवस निघून गेले. नियमाला ते कुणी कळवलं नाही.

⁂

चहाच्या सुट्टीत तो जिन्यात जाऊन उभा राहिला आणि फोनवर ‘घरचं’ कप्पा उघडला. न वाचलेले मेल ठळक दिसतात, हे तो वर्गात पहिल्याच तासाला सांगतो. पडद्यावर वरपासून खालपर्यंत सगळं ठळक होतं.

*विषय: नळ.*
*विषय: मांजरीला पिल्लं.*
*विषय: तुझा स्वेटर सापडला.*
*विषय: कान.*
*विषय: कान, डॉक्टर घाई करा म्हणतात.*
*विषय: कान.*
*विषय: काही नाही, सहज.*

त्याने सगळ्यात खालचा, म्हणजे पहिला ‘कान’ उघडला.

*दादू, उजवा कान काल सकाळी एकाएकी बंद झाला. आधी वाटलं, गल्लीच शांत झाली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, लगेच इंजेक्शनं सुरू केली तर थोडं ऐकू परत येईल. सोबत कुणाला तरी आणा म्हणाले, मला सांगितलेलं कळत नाही ना. तू कधी येशील? तुझ्या सोयीने ये, पण लवकर ये.*

त्याच्याखाली त्याचंच उत्तर होतं. *मेल मिळाला. इकडे सगळं छान.*

हे सगळं उन्हाळ्यातलं. आता जिन्याच्या खिडकीतून स्वेटर घातलेली माणसं जाताना दिसत होती.

वर्गात परतून तो पिशवी भरायला लागला. फळ्यावर दुपारचा धडा त्यानेच लिहून ठेवलेला होता: पाठवलेला मेल परत घेणे.

“सर, निघालात? मग हे परत घ्यायचं कधी शिकवणार?” बाईंनी विचारलं.

“त्याला थोडे सेकंदच मिळतात, बाई. तेवढ्यात घेतला तर घेतला.”

“आणि नंतर?”

“नंतर नाही.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

⁂

बसमध्ये त्याने नियम काढून टाकला. ‘खात्री आहे का?’ असं पडद्यावर आलं. त्याने हो म्हटलं. काम झालं. इतक्या सहज झालं की त्याला स्वतःचा राग आला.

आईच्या दारावरची बेल त्याने दाबली. पुन्हा दाबली. दाबून धरली. शेवटी शेजारीण बाहेर आली.

“अहो, बेल कसली वाजवताय बहिऱ्या माणसाच्या दारात! ते खालचं बटण दाबा. आत दिवा लागतो. आमच्या ह्यांनी बसवून दिलाय.” मग तिने त्याला ओळखलं आणि आवाज खाली आणला. “मुलगा ना तुम्ही? बरं झालं आलात.”

त्याने खालचं बटण दाबलं. आत उजेड लुकलुकला, दार उघडलं.

“अगं बाई, दादू! आज सूर्य कुठून उगवला?” तिने त्याच्या गालाला हात लावला. “वाळलास. काही खाल्लंस का?”

तो काहीतरी बोलला. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली, मग तिने मान हलवली.

“काही कळत नाही. सगळं मिशीत जातं तुझं. ये इकडे, लिही.”

तिने त्याला संगणकासमोर बसवलं आणि स्वतः खुर्चीच्या पाठीला धरून मागे उभी राहिली. त्याने कोरं पान उघडलं. ‘कानाचं मला का नाही’ एवढं लिहिलं आणि खोडलं.

“खोडतोस काय? लिही की. आणि अक्षर मोठं कर, मुंगीच्या पायाएवढं नको.”

त्याने अक्षर मोठं केलं. *मी तुझे मेल वाचले नाहीत. ती उत्तरं मी लिहीत नव्हतो. आपोआप जात होती.*

“माहीत आहे मला,” आई म्हणाली.

त्याने वळून बघितलं.

“कान गेल्यावर, पावसाळ्यात एकदा पहाटे डोळा लागेना, म्हणून मांजरीचं लिहिलं, तर लगेच तुझं उत्तर हजर. म्हटलं, हा आणि पहाटे उठला? शाळेत असताना तोंडावर पाणी मारावं लागायचं याला!” ती खळखळून हसली. आपला आवाज किती मोठा होतो याचा तिला अंदाज राहिला नव्हता. “मग मागची सगळी काढून बघितली. स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता.”

*मग लिहीत का राहिलीस?*

“बोर्डावर दिवा लागला की कळायचं, लाइन जिवंत आहे. पलीकडे बोलणारं कुणी नसलं तरी. आणि मी तरी काय केलं रे जन्मभर? ‘नमस्कार. थांबा. जोडते.’ कुणाचं माणूस गेलेलं असायचं, कुणाला मुलगी झालेली असायची. माझी तीच तीन वाक्यं. बरी पडतात ती, परक्यांशी बोलायला.”

बोलून गेल्यावर ती टेबलावरची नसलेली धूळ पुसू लागली.

*आणि इंजेक्शनं?*

“गेले होते. तुझी वाट बघितली जरा, मग शेजारणीला घेऊन गेले. उशीर झाला म्हणाले. आधी आला असतात तर कदाचित. कदाचितच म्हणाले हं. लावून घेऊ नकोस.”

वर्गात तो कळांकडे न बघता टंकायचा आणि लोक तोंडात बोट घालायचे. आता दोन शब्द लिहायला त्याला एकेक अक्षर शोधावं लागलं.

*माफ कर.*

तिने वाचलं. “बरं,” म्हणाली.

त्याला आणखी काहीतरी हवं होतं. तिने चिडावं, पाठीत धपाटा घालावा, निदान रडावं. त्याने घाईघाईने लिहिलं, *आता रोज लिहीन. स्वतः.*

“रोज नको. रोज म्हणालास की खोटा पडशील. आठवलं की लिही.” मग तिने खुर्ची हलवली. “दादू, आत्ता काय ऐकू येतंय रे इथे?”

*काही नाही. शांत आहे.*

“असं कसं? बोर्डावर बसलेल्या बाईला सांगतोस? काहीच नाही असं कधी नसतं. नीट ऐक.”

तो ऐकायला लागला. या घरात तो वाढला, पण असं बसून त्याने ते कधी ऐकलं नव्हतं.

*पंखा. एक पातं घासतंय.*

“ते जुनंच आहे. पुढे?”

*जिन्यात चपला. कुणीतरी चाललंय.*

“चढतंय की उतरतंय?”

त्याने कान दिला. *उतरतंय. एका पायाने जरा अडखळत.*

“मग तो वरचा शिंपी. पाय दुखावलाय त्याचा. पुढे?”

*लांब कुठेतरी फरशी कापतायत. खाली कुणी चादर झटकली.* तो थांबला. *शेजारी फोन वाजतोय.*

आई पुढे वाकली. तिचा हात त्याच्या खांद्यावर आला.

“उचलला?”

*नाही.*

“असेल ती मोरीत. अजून वाजतोय?”

*हो.*

तिची मान उजवीकडे कलली. डोळे भिंतीवर लागले होते, ओठ किंचित उघडे. कधीही ‘नमस्कार’ म्हणेल अशी ती उभी होती.

मग फोन थांबला. तिची मान तशीच कललेली राहिली. कळांवर बोटं ठेवून, हे तिला कसं लिहावं याचा विचार करत तो बसून राहिला.