आबांची राखीव जागा

बोलावण्याचं पत्र फेब्रुवारी २००३ मध्ये आलं आणि आबांनी लगेच फोन फिरवायला घेतले. इंग्लंडात जिथे जिथे आपली माणसं तिथे: आधी स्लाऊला, मग वॉटफर्डला. "आमच्या धम्मदीपला सरकारनं बोलावलं. हो, राखीवमधून."

पत्रात लिहिलं होतं, दोन आठवड्यांत हजर व्हा. तिथून पुढे इराक. न जाणं गुन्हा. सूट हवी असेल तर सात दिवसांत अर्ज.

'राखीव'चा घोळ पाच वर्षं जुना. मी ब्रिस्टलच्या रिझर्व्ह रेजिमेंटमध्ये भरती झालो ते मित्रांपायी, आणि लॉरीचं लायसन्स फुकट मिळतं म्हणून. शनिवार-रविवारचं सैन्य. आबा जालन्याकडचे. रिझर्व्हचा त्यांना एकच अर्थ माहीत: आपल्या लोकांसाठी ठेवलेली जागा, जी भांडून मिळते आणि सोडली की दुसरा बळकावतो. मी दोनदा समजावलं. मग सोडून दिलं, कारण त्यांची छाती फुगलेली बघायला मलाही बरं वाटत होतं. हलकटपणा माझाच.

रेजिमेंटनं पहिल्या महिन्यातच आपला इतिहास आम्हाला पाजला. दोनशे वर्षांपूर्वीचं घोडदळ. उरलेला इतिहास मी लायब्ररीत जाऊन वाचला. जमीनदार अधिकारी, त्याचीच कुळं शिपाई. कुळानं घोड्यावर बसायला नाही म्हटलं तर कसायची जमीन जायची. पावासाठी दंगा करणाऱ्या भुकेल्यांच्या अंगावर हेच घोडे घातले होते. भिंतीवरच्या चित्रांत ते नाही, तिथे नुसत्या तलवारी आणि झुपकेदार मिशा. घोडे जाऊन रणगाडे आले तरी सार्जंट अजून 'घोड्यावर चढा' असंच ओरडतो. मी ट्रूपर, म्हणजे साधा शिपाई; काम रणगाड्याच्या तोफेत गोळे भरण्याचं. झाकण लावलं की आत धड हात पसरता येत नाहीत.

रेजिमेंटच्या वाढदिवशी सकाळी अधिकारी स्वतः शिपायांना चहा वाढतात, रम घातलेला. घरच्यांनाही बोलावतात. मेजरनं किटली आणून माझा मग भरला, मग आबांचा. आबांच्या गावात आमच्या लोकांचा कप हॉटेलच्या बाहेर वेगळा टांगलेला असायचा. पंचशील पाळणारा हा माणूस रमसकट तो चहा पिऊन मोकळा झाला. तिथेच मी अडकलो; आता रेजिमेंट सोडायची कुठल्या तोंडानं?

आई नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार आबांचं डायलिसिस. ने-आण मी करतो. अर्जाला आधार तेवढाच.

"आबा, एवढंच लिहून द्या, माझं पोराशिवाय चालत नाही."

"चालतंय की."

"मशीनवरून उतरल्यावर जिना कोण चढवतं तुम्हाला?"

"भिंत धरून चढीन. काहून खोटं लिहू? इंग्रजानं आपल्याला जात बघून पलटणीतून काढलं. बाबासाहेब भांडले तवा परत घेतलं. अन् तू माझं मूत्रपिंड दाखवून जागा सोडतो?"

"बाबासाहेबांनी तेलासाठी मरायला सांगितलं नव्हतं."

"तोंड सांभाळ."

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी, शनिवारी, डायलिसिसच्या नर्सनं, श्यामलाताईंनी, सहज विचारलं, "काका, मुलगा चाललाय म्हणे?" आबांनी राखीव जागेचं पुराण सुरू केलं. ताईंनी सुई लावता लावता ऐकून घेतलं.

"काका, रिझर्व्ह म्हणजे कोटा नाही हो. पुढचे पडले की त्यांच्या जागी पाठवायला ठेवलेली माणसं."

गाडीत आबा हातावरची पट्टी दाबून बसले होते. घर आलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे मेलेल्याची जागा?"

"हो."

"तू मला कधी सांगितलं नाही."

"दोनदा सांगितलं."

"तिसऱ्यांदा सांगायचं."

जिना चढताना त्यांनी माझा खांदा धरला. टेबलाशी बसून, पट्टी बांधलेल्या हातानं इंग्रजीत लिहिलं: माझ्या मुलाशिवाय माझं चालत नाही. असलं वाक्य त्यांनी जन्मात कुणाला लिहिलं नसेल.

सातव्या दिवशी मी अर्ज घेऊन रेजिमेंटच्या ऑफिसात गेलो; शनिवार-रविवारच्या सैन्याचं ऑफिस रविवारी उघडं असतं. कॅप्टन वाईट माणूस नव्हता. त्यानं माझी फाइल उघडली. आत आधीच एक पत्र होतं, बोलावणं आलं त्याच दिवशीचं. अक्षर आबांचं, सही आबांची.

'मी ठणठणीत आहे. हॉस्पिटलला बसने जातो. काइंडली माझ्या आजाराचे कारण दाखवून मुलाची जागा रद्द करू नये व काइंडली दुसऱ्या कोणास देऊ नये.'

कॅप्टननं दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. "यातलं खरं कुठलं, ट्रूपर?"

मी सगळं सांगितलं. राखीव, कोटा, जालना. त्यानं नीट ऐकलं आणि एक शब्द त्याला कळला नाही. अर्ज नामंजूर. आजारी माणसांना हॉस्पिटलची गाडी मिळते, म्हणाला.

घरी येऊन मी त्या पत्राची झेरॉक्स आबांच्या पुढ्यात टाकली. टाकायला नको होती, पण टाकली. ते ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचत गेले.

"काइंडली दोनदा पडलंय," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला आणि हॉस्पिटलच्या गाडीचा नंबर फिरवला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आबांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"तू सोमवारी जातोस ना?"

"पुढच्या सोमवारी."

"फ्रॉम ट्यूझडे," ते फोनमध्ये म्हणाले. "नेक्स्ट ट्यूझडे."