ढोल्याचा सायलेन्सर

हातात : टॉर्च

टॉर्च माझ्या हातात आहे. आमच्या घरात कुठलंही अवघड काम निघालं की टॉर्च माझ्याच हातात येतो. आई म्हणते, "तू फक्त उजेड दे, डोकं आम्ही लावतो."

रविवारची सकाळ. शेडमध्ये आई, माझी बायको, मी आणि ढोल्या.

ढोल्या म्हणजे आईचा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर. एके काळी तो लाल होता. आता कुठे लाल आहे ते आई बोट ठेवून दाखवते, तेव्हा कळतं. त्याचं बॉनेट उघडलेलं आहे, पेट्रोलची टाकी काढून लांब झाडाखाली नेऊन ठेवली आहे, आणि इंजिनाच्या कुशीत जो जुना सायलेन्सर आहे त्याचा पत्रा गंजून चहाच्या गाळणीसारखा झाला आहे. बाकावर नवा सायलेन्सर खोक्यातून डोकं बाहेर काढून बसलाय. काळा कुळकुळीत. लग्नाला आलेल्या पण अजून कोणी ओळख न करून दिलेल्या पाहुण्यासारखा.

"सरक," आई मला म्हणते.

"सरकतो, पण उजेड?"

"उजेड तिथेच ठेव. तू सरक."

हातात : कप (हे चार दिवस आधीचं)

आमच्या कुंपणापलीकडे वाचनालय आहे. त्याच्या भोवतीची हिरवळ आई कापते. जिथे आज हिरवळ आहे तिथे आधी विटांचे तुकडे आणि काटेरी झुडपं होती. ते सगळं आईनेच ढोल्याला जुंपून साफ केलं. तिच्या हिरवळीच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ असतात. वाचनालयात तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. "आतलं तुम्ही वाचा," म्हणते, "बाहेरचं मी लिहिते."

तर वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंची तक्रार होती. आजची नाही, कधीपासूनची. पण सगळी नोकरी पुस्तकांत काढल्यामुळे बाईंचा आवाज ओठांच्या फारसा बाहेर पडत नाही. आणि आईचे कान तर ढोल्याने केव्हाच खाल्लेत. बाई कुंपणाशी येऊन म्हणायच्या, "आवाज आता फार होतो हो." आई तोंड भरून हसायची. "हो हो, पुढच्या सोमवारीही येते!"

शेवटी बाईंनी मला गाठलं. "वाचणारे उठून जातात. येत्या सोमवारी शेवटचं बघते. आवाज असाच राहिला तर दुसरा माणूस लावावा लागेल. मला वाईट वाटतं, पण काय करू?"

काही गोष्टी आईला हळूच सांगाव्यात अशा असतात. ही मी स्वयंपाकघरात उभा राहून, हातात चहाचा कप धरून, ओरडून सांगितली. दोनदा. समोरच्या घरातली खिडकी बंद झाली.

आईने कप माझ्या हातातून काढून घेतला.

"माझा ढोल्या आवाज करतो?"

"करतो, आई!"

"किती?"

मी बायकोकडे बघितलं. बायको दातांची डॉक्टर आहे, वाईट बातमी द्यायची तिला सवय आहे. ती आईच्या कानाशी वाकली. "तुम्ही इथे गवत कापता तेव्हा तिकडे तिसऱ्या गल्लीत माझ्या दवाखान्यातला पेशंट मला म्हणतो, डॉक्टर, मशीन बंद करा, दुखतंय. आणि माझं मशीन बंदच असतं."

आई हसली नाही. उठली, शेडमध्ये गेली, सायलेन्सरवर बोट दाबलं. बोट आरपार.

"माझी हिरवळ दुसरा माणूस कापणार," ती म्हणाली. विचारत नव्हती. शब्द चावून बघत होती.

हातात : पाना

सायलेन्सर इंजिनाला दोन बोल्टनी धरलेला असतो. एक वर, एक खाली. आदल्या दिवशीच दोन्हींवर तेल सोडून ठेवलं होतं. वरचा कुरकुरला, पण आला. आईने तो माझ्या तळहातावर ठेवला. बक्षीस दिल्यासारखा.

खालचा दिसत नाही. तो पत्र्याच्या मागे आहे. आई तो नेहमी बोटांनी शोधते. या वेळीही तिने हात आत घातला, डोळे मिटले आणि शोधत राहिली.

शोधत राहिली.

तिच्या बोटांचे सांधे गेल्या वर्षापासून सुजतात. डब्याचं झाकण उघडत नाही तेव्हा ती डब्याला शिव्या देते.

"आई, मी बघू का?" बायकोने तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"तू दात बघ."

"दातच बघते रोज. तेही असेच कोपऱ्यात असतात." तिने खिशातून लांब दांडीचा छोटा गोल आरसा काढला, तोंडात घालतात तो, आणि पत्र्यामागे सरकवला. मी टॉर्च आरशावर मारला. आरशात बोल्ट दिसला. गंजलेला, कडा झिजलेला. आणि त्यावर टेकलेला आईचा पाना.

"आई, पाना तिरका बसलाय."

"हा बोल्ट मला पाठ आहे, दातवाले."

"पाठ असेल, पण तिरका आहे. थांबा ना जरा."

"तू लग्न होऊन आलीस त्याच्या आधीपासून मी हा—"

टक्.

हातात : बोल्टचं डोकं

नुसतं डोकं.

हातात : काहीच नाही

आई उलट्या बादलीवर बसली. पाना मांडीवर होता, पण तिने तो धरला नव्हता.

सायलेन्सर मात्र सुटला होता. मी तो काढून खाली ठेवला, तर त्यातून मूठभर गंज सांडला. इंजिनाच्या अंगातून बोल्टचा तुटका खुंट तेवढा बाहेर डोकावत होता, नखाएवढा.

"संपलं," आई म्हणाली. "तो आत तुटला की नवा बसणार नाही. नवा बसला नाही की ढोल्या भंगारात." मग माझ्याकडे न बघता, "बाईंना सांग जाऊन, लावा तुमचा माणूस."

मी दाराकडे वळलो. खरंच वळलो. मला सांगितलं की मी जातो.

"तू कुठे निघालास?" बायको. "उजेड दे."

"अगं, पण आई म्हणते—"

"आई," ती आईसमोर उकिडवी बसली आणि मोठ्याने, पण न ओरडता, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दात तुटला म्हणून कोणी जबडा टाकून देतं का?"

आईने खुंटाकडे बघितलं.

"भूल द्यावी लागेल त्याला," आई म्हणाली.

"तुम्हाला देऊ का आधी?"

"चल गं, आगाऊ."

हातात : मेणबत्ती

झोत सोडणाऱ्या गॅसच्या बत्तीने खुंटाभोवतीचं लोखंड तापवायचं. तापलं की खुंटाला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत आपोआप ओढलं जातं, कुठल्याही तेलापेक्षा आत. ही युक्ती आईची. ती बादलीवरून सांगत होती, बायको करत होती. मेणाचा वास शेडभर पसरला.

मग पकड. दाबली की दात रोवून बसणारी.

"ओढ आता!" आई.

"ओढत नाहीत, आई. लोकांना वाटतं दात ओढतात. आम्ही हलवतो. इकडे, तिकडे. त्याला सोडावंसं वाटेपर्यंत."

"मग हलव."

"हलत नाहीये."

"कुठल्या बाजूला हलवतेस?"

"सुटायच्या."

"उलटं कर. आधी आवळ."

"आवळू? अहो, मोडेल ना मुळापासून!"

आई उठली. तिने आपला सुजलेला हात बायकोच्या मनगटावर ठेवला. जोर लावला नाही, लावताही आला नसता. नुसता ठेवला. "केसभर आवळ. गंज आधी आतल्या बाजूला फुटू दे. मग तो बाहेर येतो. तुझ्या तोंडातलं तुला कळतं, माझ्या ढोल्याचं मला."

बायकोने श्वास घेतला. आवळलं. केसभर.

क्रिच.

फार बारीक आवाज होता. आईला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. पण तिचा हात मनगटावर होता.

"फुटला," आई म्हणाली.

मग इकडे. मग तिकडे. पुन्हा बत्ती, पुन्हा मेण. माझा हात भरून आला, टॉर्च हलला.

"उजेड!" दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या. एकाच सुरात. इतक्या वर्षांत या दोघींचं पहिल्यांदा एकमत झालेलं मी ऐकलं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं.

खुंट बाहेर आला. अख्खा, आट्यांसकट, मेणाने माखलेला. बायकोने आरसा घालून भोक तपासलं, आतली भिंत शाबूत. तिने खिशातून कापूस काढला, खुंट त्यात गुंडाळला आणि आईच्या हातावर ठेवला.

"आज गरम काही प्यायचं नाही. आणि त्या बाजूने चावायचं नाही."

आई हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसले, पुन्हा कापूस उघडून बघितलं, पुन्हा हसली. शेवटी बादलीचा आधार घेऊन बसली.

हातात : किल्ली

सांध्यात गॅस्केटची नवी चकती. नवा सायलेन्सर. दोन नवे बोल्ट, दोन्ही बायकोने आरशात बघून, आईने "बस, आता पुरे" म्हणेपर्यंत आवळलेले. टाकी जागेवर. आई सीटवर बसली, किल्ली फिरवली.

ढोल्या चालू झाला.

आईने पुन्हा किल्ली फिरवली. ढोल्या कर्रकन किंचाळला.

"आई, चालू आहे!"

"काय?"

"चालू आहे तो!!"

तिने किल्ली सोडली. बॉनेटवर तळहात ठेवला, बाळाच्या पोटावर ठेवावा तसा. खाली थरथर होती, एकसारखी, संथ. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. मग तो अर्ध्यात अडकला.

"खरंच हळू चालतोय," तिने आम्हाला विचारलं, "की माझे कान पुरतेच गेले?"

आम्ही दोघांनी माना हलवल्या, हात हलवले, शपथा घेतल्या. तिला पटलं नाही. आपल्याच घरच्या माणसांची साक्ष ती कशी धरणार?

"उद्या तू वाचनालयात जाऊन बस," ती मला म्हणाली. "मी कापायला लागले की किती जण मान वर करतात ते बघून ये."

हातात : वर्तमानपत्र, उलटं

सोमवार. वाचनकक्ष. मी खिडकीजवळ वर्तमानपत्र धरून बसलो आहे. ते उलटं आहे हे मला शेजारच्या आजोबांनी आत्ता दाखवून दिलं.

पहिल्या खिडकीत आईची टोपी आली.

ती सरकत गेली. दुसऱ्या खिडकीत आई, ताठ, दोन्ही हात चाकावर, नजर कडेच्या रेषेवर. तिसऱ्या खिडकीत ढोल्याचं मागचं चाक, आणि त्याच्या मागे ताज्या कापलेल्या गवताचा पट्टा. घुर्रर्र एवढंच. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी पान उलटलं, ते जास्त ऐकू आलं.

मी सगळ्यांच्या माना बघितल्या. पांढऱ्या केसांच्या, वेण्यांच्या, टकलाच्या. एकही वर नाही. आजोबा तर झोपले होते.

ग्रंथपालबाई माझ्याजवळ आल्या. "आई आल्या नाहीत का आज?" त्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ ओठांनीच म्हणाल्या. "मी वाट बघत होते. त्या दुसऱ्या माणसाला दुपारी कळवायचंय."

मी खिडकीकडे बोट केलं.

बाई खिडकीशी गेल्या. अर्धी हिरवळ कापून झाली होती. आई वळण घेत होती, तिचं ते प्रसिद्ध वळण, चाकाखाली गवताचं एक पातंही न चुरगळता. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला, तोही आवाज न करता.

"त्या माणसाला नको म्हणून सांगते," त्या म्हणाल्या.

आईने वळताना मला खिडकीत बघितलं. ढोल्या थांबवला. हनुवटी वर करून विचारलं : काय?

मी बोटांनी शून्य करून दाखवलं. तिला कळेना. दोन्ही हातांनी केलं. तिने कानाला हात लावला. माझ्याने राहवेना. मी खिडकी उघडली, अर्धा बाहेर झुकलो आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा वापरून ओरडलो :

"आई! एकानेही मान वर केली नाही!"

वाचनकक्षातल्या झाडून सगळ्या माना वर झाल्या. आजोबा दचकून उठले.

आई सीटवर उभी राहिली. चाकाला धरून, टोपी मागे सारून, बाईंकडे बघत, माझ्यापेक्षा मोठ्याने :

"माझ्या सुनेनं बसवलाय तो! माझ्या सुनेनं!"

ग्रंथपालबाईंनी सवयीने बोट ओठांवर नेलं. तिथे ते जरा वेळ राहिलं. मग त्यांनी ते खाली घेतलं आणि खिडकी आणखी उघडली.