बिळातलं बियाणं

ओलं गोणपाट पाचव्या दिवशी उलगडलं की माणूस आधी कळतो, दाणा नंतर. सात रस्त्याजवळच्या बियाणांच्या दुकानात हेच माझं काम. शंभर दाणे मोजून गोणपाटात गुंडाळायचे आणि मोड किती आले ते सांगायचं. कमी आले तर लोक माझ्याकडे असे बघत, जणू बाकीचे मीच खाल्ले.

दुष्काळ सरला त्या सालच्या, त्र्याहत्तरच्या कार्तिकात जोतीराम दोन पुरचुंड्या देऊन गेला होता. आज निकाल ऐकायला तो आई बजाबाई आणि बायको सोजरबाई यांना घेऊन आला. सोजरबाईच्या मांडीवर पाच महिन्यांचं पोर, पायाशी बोचकं. बोचकं बघितलं आणि ओळखलं, निकाल यांनी घरूनच आणलाय, माझी फक्त सही हवी.

प्रकरण असं. घरात बियाणाची दोन मडकी, दोन्हींतली ज्वारी एकाच खळ्यावरची. पहिलं मडकं बजाबाईनं पेरलं, ते रान हिरवंगार. दुसरं सोजरबाईनं पेरलं, तिथं काळी माती उघडीच. गाव म्हणालं, हिचा हात झपाटलेला.

मी गोणपाटं उलगडली. पहिल्यात ब्याण्णव मोड. दुसऱ्यात एकही नाही.

“बगा की,” जोतीराम म्हणाला. “हिचा हात लागला आन् दाना मेला. सांजच्या गाडीनं कुर्डुवाडीला बापाकडं धाडतो.”

“घरात भाकरी कोण थापतं?”

“हीच की.”

“आणि तुम्ही अजून धडधाकट!”

सोजरबाई हसली नाही. बजाबाईच मध्ये बोलली, “अण्णा, तुमी लिवून द्या. जाऊ द्या पोरीला.”

सून घालवायची घाई झालेल्या सासवा मी पुष्कळ पाहिल्यात. त्या घाईत चिमूटभर तरी आनंद असतो. हिच्या आवाजात तो नव्हता. इथं मला काही जुळेना.

मी दुसऱ्या गोणपाटातला एक दाणा भिंगाखाली धरला. मग आणखी एक. मग सगळे. जिथून मोड फुटतो ते टोक प्रत्येकाचं कुरतडलेलं. बाकी दाणा शाबूत.

जोतीरामनं डोळा लावला. “कीड?”

“कीड कुठूनही खाते. इथं शंभराच्या शंभर दाण्यांना एकाच जागी चावा. हे खाणाऱ्याचं काम नाही, साठवणाऱ्याचं. बिळात ओल शिरली तरी धान्य उगवू नये म्हणून मुंग्या तेवढं टोक काढून टाकतात.”

बजाबाईनं दोन्ही पाय बाकावर उचलून घेतले.

ती उंबऱ्याकडे बघत होती. उरलेलं बियाणं परत दाखवायला मघाशी पुरचुंड्या सोडल्या, तेव्हा तिथं दोन्हींतले चार-चार दाणे सांडले होते, आणि फटीतून मुंग्या निघाल्या होत्या. बारक्या, तांबूस, मधूनच एखादी थोराड, डोकं अंगापेक्षा मोठं. थोराडीनं एक दाणा चाचपला, बारक्यांनी ओढायला घेतला. मग दुसरा. कुरतडलेले तेवढेच. पहिल्या मडक्यातले शेजारीच पडले होते, त्यांना वळसा घालून गेल्या.

“वळकत्यात,” बजाबाई पुटपुटली. “आपलंच हाय म्हनून न्हेत्यात.”

जोतीराम आईकडं वळला. “कुटनं आनलंस हे, आई?”

“तुमी बापलेक दुष्काळी कामावर खडी फोडत व्हता. हिला आठवा म्हैना, घरात पीठ न्हाय. बियाच्या मडक्याचं तोंड फोडलं. रोज भाकरी केली आन् हिलाच घातली. म्हायेरनं पीठ आलंय म्हनून सांगितलं. मडकं रिकामं दिसलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हनून खळ्याच्या कडंची बिळं उकरली. तोंडाशी टरफलांचं कडं असतंय, त्यावरनं वळकायचं. हातभर खाली खोल्या, खोलीखोलीत ज्वारी, निवडून ठेवल्यावानी. मडकं भरून उरली ती दळली, बाळंत होईस्तवर हिला त्याचीच भाकरी घातली. लोक मुंगीला साखर घालत्यात. मी तिच्या तोंडचं काढलं.”

“मग सुनेवर आळ का येऊ दिलात, मावशी?” मी विचारलं.

तिनं पोराकडं बोट केलं. “ह्येच्यापायी. दुपारी ह्यो निजला की त्या येत्यात. एकच रांग. आंगावर चढून तोंडापातुर जात्यात, व्हट चाचपत्यात आन् माघारी फिरत्यात. चावत न्हाईत. त्या दान्याचंच हाय हे पोर, त्यास्नी कळलंय. आजून न्हेत न्हाईत, एवढंच. म्हनलं, कुर्डुवाडी लांब हाय. तितवर त्यास्नी वाट घावायची न्हाय.”

“खुळी का काय तू?” जोतीराम ओरडला. “पोराच्या तोंडाला दूध असतंय, त्या वासानं येत्यात!”

मीही मान डोलावली. हिशेब तसाच लागत होता.

जोतीरामनं बोचकं उचललं आणि बायकोकडं न बघताच म्हणाला, “चल घरी. चुकलं आमचं.”

सोजरबाई उठली नाही. कुरतडलेले चारी दाणे फटीत गेले होते, पण रांग परतली नव्हती. ती उंबरा ओलांडून बाकाच्या दिशेनं आत येत होती.

“आत्या,” सोजरबाई हळूच म्हणाली, “दुपारी येत्यात त्या तुमालाबी दिसत्यात व्हय? मला वाटलं, मलाच.”

बजाबाईनं होकाराची मान हलवली.

सोजरबाईनं पोर मांडीवरून खांद्यावर घेतलं, त्याचं तोंड पदरानं झाकलं आणि नवऱ्याच्या हातातलं बोचकं काढून घेतलं.

“गाडी किती वाजता म्हनलात?”