फिरता पाद्री

बेदरोस ताश्जियनने त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. जानेवारीत आलेलं ते पत्र तो वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून राहत होतं. पुस्तक संपलं की पुढच्या पुस्तकात जात होतं. सायीच्या रंगाचा जाड कागद, वर चांदीच्या शाईत मोटार क्लबचं नाव, खाली क्लबाचा प्रमुख दारिओ एस्कोबेदो याची ऐटदार सही. एप्रिलमध्ये फ्रेस्नो शहरातल्या जत्रेच्या मैदानावर आमच्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, आपण परीक्षक म्हणून यावं, आणि 'खोऱ्यातला सर्वांत प्रामाणिक तपासनीस' अशी पितळी पाटी आमच्या हातून स्वीकारावी, अशी विनंती होती.

त्याने उत्तर लिहून पाहिलं होतं. पहिला मसुदा इतका नम्र झाला की त्यालाच लाज वाटली. दुसऱ्यात बढाई आली. तिसरा शोकसभेच्या निरोपासारखा वाटला. मग त्याने लिहिणं सोडलं, पण पत्र वाचणं सोडलं नाही. पाटीवरचं वाक्य तो रोज एकदा तरी वाचत असे, आणि अराक्सी खोलीत आली की पुस्तक मिटत असे.

अराक्सी त्याची धाकटी बहीण. रेल्वेच्या रुळांपलीकडे बेदरोसचं धूर-तपासणीचं दुकान होतं, त्याचा गल्ला आणि फोन ती सांभाळायची. दोन वर्षांनी एकदा असल्या दुकानातून पास झाल्याशिवाय गाडीची नोंदणी पुढे सरकत नसे. तिच्या एका हाताशी पावत्या असत, दुसऱ्या हाताशी दम्याचा पंप. हिवाळ्यात धुकं आणि धूर एकत्र खाली बसले की ती पंपच जास्त उचलायची.

मार्चच्या सुरुवातीला येसेनिया रोब्लेस तिची निळी गाडी घेऊन आली. ती क्लबातलीच. सगळ्या क्लबाकडे एकाच जातीच्या जपानी टर्बो गाड्या होत्या, आणि सगळे बेदरोसकडेच यायचे. त्याने यंत्राची तार जोडली, आकडे ठीक निघाले. बॉनेट उघडून बाहेरून बसवलेल्या प्रत्येक भागावरचा सरकारी मान्यतेचा क्रमांक वाचला आणि यादीशी ताडून पाहिला. मग चाकांच्या फळीवर पाठ टेकून तो गाडीखाली सरकला. धूर गाळणारा डबा, ज्याला सगळे कन्व्हर्टर म्हणतात, जागेवर होता. त्यावर क्रमांक होता. क्रमांक बरोबर होता.

एरवी तो इथेच बाहेर आला असता. पण पुढच्या टोकाला पत्र्यात एक पोचा होता, चमच्याने दाबावा तसा, आणि त्याच्याभोवती जांभळट डाग. हा पोचा आपण आधी पाहिलाय, असं त्याला वाटलं. लगेच वाटलं, आपल्याला काय कळतंय? कारखान्यात हजारो डबे बनतात. आपली नजर अधू, चष्मा जुना.

"अराक्सी," गाडी पास करून पाठवल्यावर त्याने विचारलं, "दोन डब्यांना एकाच जागी पोचा असू शकतो का?"

"दोन नवरे एकाच जागी टकले असू शकतात, मग डब्यांनी काय पाप केलंय?" ती म्हणाली. "पण तू विचारतोयस म्हणजे तुझं उत्तर झालेलं आहे, बेदो. तुला फक्त माझ्या तोंडून ते खोटं ठरवून हवंय."

काही दिवसांनी क्लबातली पांढरी गाडी आली. पोचा होता. बेदरोसने खिशातून पत्रा खोदायची सुई काढली आणि डब्याच्या कडेला आपल्या आर्मेनियन लिपीतलं पहिलं अक्षर कोरलं. डबा तापलेला होता. बोटाचं पेर भाजलं. आपण कुणाच्या तरी मालमत्तेवर ओरखडा काढला, हे चोरट्यासारखं काम झालं, असं वाटून त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

बोटावरचा फोड सुकण्याआधी खुद्द दारिओ आला. काळी गाडी, आरशासारखी पुसलेली. हातात फडक्यात गुंडाळलेले तमाले, मक्याच्या पानांत उकडलेले सारणाचे उंडे.

"आईने पाठवलेत, दॉन बेदरोस. लाल मिरचीचे, तुमच्या आवडीचे. आणि आमच्या पत्राचं काय? की अजून शुद्धलेखन तपासताय?"

त्या आदराच्या 'दॉन'ने बेदरोस ओशाळून हसला आणि गाडीखाली सरकला. टॉर्चच्या उजेडात त्याचंच अक्षर त्याच्याकडे बघत होतं. त्याच्याच हाताचं, थोडं वाकडं.

तो तसाच पडून राहिला. वर रंगाला, चाकांना, शिवलेल्या कातड्याला इतकं जपलेलं, आणि खाली बोल्टांच्या खाचांवर पान्याचे ताजे ओरखडे. एकच डबा या गाडीखालून काढून त्या गाडीखाली घालताना पडलेले. दुसऱ्याच्या तोंडातली कवळी काढून घालावी तसं.

"दारिओ," बाहेर येऊन तो म्हणाला, "हा डबा मागच्या आठवड्यात पांढऱ्या गाडीला होता. त्याच्या आधी येसेनियाच्या."

दारिओ दचकेल, निदान खोटं बोलेल, असं त्याला वाटलं होतं. दारिओ हसला.

"पाद्री म्हणतो आम्ही त्याला. घरी येतो, आठवडाभर राहतो, आशीर्वाद देतो, पुढच्या घरी जातो. एवढ्या वर्षांत तुम्हीच पहिले ओळखलंत. मानलं तुम्हाला."

"आणि पाद्री गेल्यावर?"

"नुसता पाइप. गाडी मोकळा श्वास घेते ना, दॉन बेदरोस. आवाज ऐका कधीतरी, अंगावर काटा येतो."

"गाडी श्वास घेते," बेदरोस म्हणाला. खिडकीच्या काचेआड अराक्सी पंप हलवत होती.

"आता तुम्हीच सांगा, नियम काय म्हणतो? डबा मान्यताप्राप्त हवा. आहे. गाडीला बसवलेला हवा. आहे. आज तरी आहे. उद्याचं तपासायला तुम्ही माझ्या अंगणात येणार आहात का?"

"दुसरी दुकानं आहेत. सगळे माझ्याकडेच का येता?"

दारिओने खांदे उडवले. त्याच्या आवाजात खवचटपणा नव्हता, खरं तर माया होती, आणि तेच असह्य होतं. "बाकीचे तपासनीस पान्यांचे ओरखडे बघतात, डबा हलवून बघतात, नको ते विचारतात. तुम्ही वाचता. क्रमांक वाचला, यादीत सापडला, की तुमचा चेहरा कसा उजळतो ठाऊक आहे? म्हणून तर पाटीवर तुमचं नाव घातलं. सगळ्यांनी एकमताने हात वर केले."

बेदरोसला पाटीवरचं वाक्य पाठ होतं. आता ते डोक्यात तसंच फिरू लागलं आणि प्रत्येक फेरीला थोडं अधिक नासत गेलं.

आजच्या नियमाने गाडी पास होत होती. त्याने ती पास केली, कारण खोटं नापास करणं त्याला जमणारं नव्हतं. दारिओने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तमाले टेबलावर ठेवून गेला. बेदरोसने ते उघडले. उकडलेल्या मक्याच्या पानांचा वास आला. एवढी वर्षं आवडणारा तो वास आज त्याला नकोसा झाला. फडकं तेवढं घडी घालून ठेवून त्याने बाकी सगळं कचऱ्यात टाकलं.

"चांगलं अन्न ते," अराक्सी म्हणाली. "काय झालं?"

त्याने सांगितलं.

"सरकारी कार्यालयाला कळवलं तर त्या सगळ्या गाड्या पुन्हा तपासायला बोलावतील," तो म्हणाला. "पण पास करणाऱ्याचं नाव माझंच आहे. आधी माझाच परवाना काढून घेतील. दुकान जाईल, अराक्सी."

"जाईल कदाचित." तिने पंप गल्ल्यात टाकला. "एक सांग. तुला घाण कशाची वाटतेय? हवेची की पाटीची?"

"पाटीची," तो म्हणाला.

"निदान खरं बोललास. मग थोडा थांब. हवेची वाटायला लागली की लिही."

त्याला फार थांबावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दाराशी पुस्तक घेऊन बसला होता. कोपऱ्यावरून काळी गाडी वळली. आवाज आधी आला, फाटक्या पत्र्यासारखा, मग वास: न जळलेल्या पेट्रोलचा, उग्र, घशाला चिकटणारा. पाद्री एवढ्यात पुढच्या घरी गेला होता. दारिओने खिडकीतून हात हलवला, प्रेमाने. आत अराक्सी खोकायला लागली. खोकला थांबेना. ती टेबलाची कड धरून वाकली, आणि बेदरोस तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, पंप तिच्या तोंडाशी धरून. हा वास आपण सही करून रस्त्यावर सोडलाय, हे त्याला कुणी वाचून दाखवायची गरज उरली नव्हती.

तिचा श्वास ताळ्यावर आल्यावर त्याने कागद घेतला. आधी सरकारी कार्यालयाला लिहिलं: गाड्यांचे क्रमांक, कोरलेलं अक्षर, आणि सर्वांत वर स्वतःचं नाव. मग दुसरा कागद.

'दारिओ, तुमचं पत्र मिळालं. परीक्षक म्हणून येतो. प्रत्येक गाडी खालून बघेन, आणि या वेळी नुसतं वाचणार नाही. मी पास केलेल्या तुमच्या गाड्यांबद्दल सरकारला आजच कळवलं आहे. ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहितो. पाटी करू नका. केली असेल तर वितळवा. आईंचं फडकं धुऊन पाठवत आहे. बेदरोस ताश्जियन.'

त्याने मसुदा केला नाही. अराक्सीने वाचलं, फडक्याचं वाक्य दोनदा वाचलं, आणि तिकीट स्वतः चाटून लावलं.

कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत तो चालत गेला. रस्त्यावर तो वास अजून रेंगाळत होता. त्याने सरकारी पत्र आत टाकलं, मग फडक्यासह दुसरं. ते जाड होतं, फटीत अडकलं. त्याने भाजलेल्या बोटाने ते ढकललं, आत पडल्याचा आवाज ऐकला, आणि तरीही झाकण उघडून एकदा बघितलं.