भाच्याने मागितलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना भिंतपडदा आहे आणि माझी खालची कड अपुरी आहे. लोक तीच आधी पाहतात आणि हळहळतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. ती चुकून राहिलेली नाही.

कोकसाझ गावच्या कुलपाशने लग्नाआधी मला भरलं. काळी मखमल, तिच्यावर लाल-पिवळ्या रेशमाची, मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं. शेवटची ओळ आली आणि तिने सुई खाली ठेवली. आमच्याकडे तुसकीझ, म्हणजे माझ्यासारखा पडदा, कधी पुरा करत नाहीत. काम पुरं झालं की भरणारीचं आयुष्यही पुरं होतं, असं मानतात.

बरीच वर्षं मी तिच्या पलंगामागे सुखात होतो. पाहुणे चहा पिता पिता माझं कौतुक करायचे. ते कौतुकच मला भोवलं.

एका वसंतात बर्फ वितळलं आणि गावच्या शाळेची उत्तरेकडची मातीच्या विटांची भिंत तडकली. त्याच आठवड्यात शाळानिरीक्षक येणार होते. मुख्याध्यापक झुनुस धावत कुलपाशकडे आले.

"मामी, तुमचा तुसकीझ एक दिवस द्या. ओराझगली येतोय."

निरीक्षक ओराझगली म्हणजे कुलपाशच्या नणंदेचा मुलगा. त्यामुळे तो साऱ्या गावाचा भाचा आणि कुलपाश साऱ्या गावाची मामी.

"भाचा येणार आणि त्याला फुटकी भिंत दाखवायची?" कुलपाश म्हणाली. "न्या. आणि खिळे नीट ठोका."

असा मी शाळेत गेलो. पुढे दर वर्षी तपासणीच्या दिवशी जात राहिलो.

त्या दिवसांची आठवण झाली की अजून माझे टाके आवळतात. सकाळीच घराघरांतून खुर्च्या यायच्या. एरवी थंड पडलेल्या शेगडीत कोळसा धगधगायचा. ओराझगली आपली जुनी मोटरसायकल फटफटवत यायचे आणि दारातच म्हणायचे, "आधी वर्ग बघू."

"आधी जेवण," झुनुस म्हणायचे. "उपाशी माणसाला मुलं ढ वाटतात."

मग मेंढीचं शिजवलेलं डोकं पाहुण्यापुढे. ते कापून वाटल्याशिवाय उठता येत नाही. त्यावर दूध घातलेला चहा, आणि कप रिकामा झाला की पुन्हा भरलेला. ओराझगली घड्याळ बघायचे आणि लोक त्यांचं ताट बघायचे. वर्गात पोचेपर्यंत निम्मी मुलं पेंगलेली असायची आणि उरलेली एकच धडा म्हणायची.

"उंट हा उपयुक्त प्राणी आहे. त्याला दोन वशिंडं असतात."

दर वर्षी उंटच. एकदा ओराझगलींनी मध्येच विचारलं, "बरं, घोड्याविषयी सांगा." वर्ग एका सुरात म्हणाला, "घोडा हा उपयुक्त प्राणी आहे. त्याला दोन वशिंडं असतात."

"झुनुस, या शाळेत उंट कधीपासून चाललाय? पुढे कधी सरकणार?"

"अगाय," झुनुस साहेबांना म्हणतात तसं आदराने म्हणाले, "आपला उंट दमाचा आहे. घाई करत नाही."

सगळे हसले. ओराझगलीही हसले, पण त्यांची नजर माझ्यावर होती. माझी खालची कड हलत होती.

"खिडकी उघडी आहे का?"

"छे. तुम्ही आलात म्हणून तुसकीझलाही आनंद झालाय."

मित्रांनो, काय सांगू. माझ्या पाठीला तड्यातून थेट गवताळ माळावरचा वारा लागत होता. पहिल्या वर्षी त्या तड्यात बोट गेलं असतं, नंतर मूठ. पुढून लोक म्हणायचे, काय देखणं काम आहे, आणि मागून माझ्या अस्तरात माती झरायची. मला लाख टाके आहेत, पण तोंड एकही नाही.

ओराझगलींना शंका होती. पण यजमानाचा तुसकीझ उचलून मागे बघणं म्हणजे त्याच्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढून बघणं. तसं कोणी करत नाही, भाच्याने तर मुळीच नाही. नुसत्या शंकेवर तालुक्याच्या कचेरीतून विटा मिळत नव्हत्या. एकदा निघताना मोटरसायकलवर बसून ते चिडून म्हणाले, "पलीकडच्या गावाने उघडी भिंत दाखवली. तिथे नवी उभी राहिली. तुमच्याकडे मला फक्त मेंढी दिसते."

"मेंढी कमी पडली का?" झुनुसनी काळजीने विचारलं.

मग तो हिवाळा आला. थंडी इतकी की लहान मुलांची बाकं शेगडीजवळ सरकवली, आणि शेगडी होती उत्तरेच्या भिंतीला लागून. वसंत लागला आणि तपासणीच्या दिवशी मला टांगलं, तेव्हा माझ्या बरोबर खाली पहिलीची मुलं बसली होती. मागून एक वीट हळूच माझ्या पाठीवर टेकली. मी ती तोलून धरली. पण कापड वीट किती वेळ तोलणार?

जेवण झालं, गाव वर्गात जमलं, उंट सुरू झाला. बाकांमधून फिरताना ओराझगली माझ्यापुढे थांबले. माझ्या पोटाला आलेला फुगवटा त्यांनी बराच वेळ न्याहाळला. मग ते मागे वळले.

"मामी, भाचा म्हणून मी या गावाकडे कधी काही मागितलं?"

"कधीच नाही. लोक मला हसतात त्यावरून," कुलपाश खुलून म्हणाली. "माग ना. घोडा माग."

"हा तुसकीझ."

आमच्याकडे भाच्याने मागितलं तर आजोळाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर घराची बरकत जाते.

"घेऊन जा," कुलपाश सावकाश म्हणाली. "उद्या धुऊन पाठवते."

"आत्ता. माझ्या हाताने काढतो."

"अगाय, चहा तरी..." झुनुस म्हणाले.

"मुलांनो, आधी उठा आणि दाराशी जा."

मुलं दूर झाल्यावर त्यांनी एका हाताने वीट दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने माझे खिळे काढले. भिंतीतून उजेड आत आला. दाराशी उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "अगाय, इथून आमचा उंट दिसतोय."

त्या दुपारपासून वर्ग गावाच्या सभागृहात भरू लागले. विटा आल्या आणि उन्हाळ्यात भिंत उभी राहिली. कुलपाश मात्र भाच्याशी बोलेना. "गावासमोर मला उघडं पाडलंस," एवढंच ती म्हणाली होती. तिचा राग जायला पुढचा हिवाळा उजाडावा लागला.

मी ओराझगलींच्या घरी आलो आणि पेटीत पडलो. कारण त्यांच्याच बैठकीच्या भिंतीला ओल होती. "भिंत नीट झाली की लावू," ते म्हणायचे. मग कुठल्यातरी शाळेचं छप्पर गळायचं आणि त्यांची मोटरसायकल फटफटत निघून जायची. दुसऱ्यांच्या भिंतींसाठी कचेरीत भांडणारा माणूस स्वतःच्या भिंतीला उद्या सांगत राहिला. पेटीत पडल्या पडल्या मी किती चडफडलो असेन.

या शरद ऋतूत ते गेले. चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला सारं आजोळ येणार होतं. त्यांच्या मुलीने पेटी उघडली. मावशी म्हणाली, "बरं झालं, हा सापडला. टांग त्या डागावर. लोक काय म्हणतील?"

मुलीने मला मांडीवर घेतलं, अपुऱ्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझी पुन्हा घडी घातली. दुसऱ्या दिवशी तिने गवंडी बोलावला. जेवणाला आलेले पाहुणे ओल्या, उघड्या गिलाव्यासमोर बसले. म्हाताऱ्या कुलपाशने भिंतीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"बापासारखीच," ती म्हणाली आणि कप पुढे केला.

भिंत वाळल्यावर मुलीने मला टांगलं. आता माझ्या पाठीला वारा लागत नाही. मित्रांनो, मला हवं तिथे लावा, मी शोभेन. फक्त लावण्याआधी भिंतीवरून एकदा हात फिरवा. तिने फिरवला होता, दोनदा, आणि मग बराच वेळ तळहात तिथेच ठेवला होता.